नदीवरचा महाल

प्रश्न : लेकीकडे पॅरिसला जातोय. गुडघे दुखतात, त्यामुळे एकच किल्ला बघणं जमेल. कोणता बघू?

उत्तर : फ्रान्सच्या लवार खोऱ्यातलं शनोंसो बघा. गडाचा चढ नाही, शेर नदीच्या पात्रावर उभा असलेला राहता महाल आहे. राजा दुसऱ्या हेन्रीने १५४७ मध्ये तो आपल्या प्रेयसीला, दियान द प्वातिएला दिला. तिने नदीवर पूल बांधून घेतला. १५५९ मध्ये राजा गेला आणि राणी कॅथरीन द मेदिचीने दियानला शोमोंचा किल्ला घ्यायला लावून हा महाल ताब्यात घेतला. सवतीच्याच पुलावर तिने ६० मीटर लांबीचं दालन चढवलं! पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांच्या खाटा होत्या.

माझा जीव मात्र वरच्या एका काळ्या खोलीत अडकलाय. नवऱ्याचा, तिसऱ्या हेन्रीचा १५८९ मध्ये खून झाल्यावर राणी लुईज इथे राहिली. तिकडच्या राजघराण्यातल्या दुखवट्याच्या रीतीप्रमाणे ती पांढऱ्या वस्त्रांत असे. काळ्या छतावर रुपेरी अश्रू रंगवलेत. मान वर करून मी कितीतरी वेळ ते बघत उभी होते. जिना सरळ आहे, गोल नाही. सावकाश चढा, पण ती खोली चुकवू नका.