पावलं मोजण्याआधी शिफ्टचं रोस्टर बघ

कंपनीतल्या लोकांच्या तब्येतीसाठी तू केलेला वेलनेस प्लॅन वाचला. योगा, स्टेप चॅलेंज, मेडिटेशन ॲप, वर्षातून एकदा चेकअप. बजेट लगेच पास होईल बघ, कारण यात वरच्या कुणालाच स्वतःचं काही बदलावं लागत नाही, आणि मेख तिथेच आहे.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २०१६ पासून एक प्रयोग झाला, त्यात कोणाला असा वेलनेस प्रोग्रॅम द्यायचा आणि कोणाला नाही हे चक्क लॉटरी काढून ठरवलं. औषधपाण्याचा खर्च, सवयी, आजारपणाच्या सुट्ट्या, कशातच म्हणावा असा फरक नाही. आणि भाग घेणारे बरेचसे आधीपासूनच धडधाकट! म्हणजे उद्या कोणी तुला 'भाग घेणाऱ्यांची तब्येत चांगली निघाली' असा चार्ट दाखवला तर लगेच खूश होऊ नकोस, आधी विचार की न आलेले कोण होते.

ते न आलेलेच तुझं खरं काम आहे. सगळ्यांना पाण्याच्या छान बाटल्या वाटतात, आणि तिथेच प्रॉडक्शन लाईनवरच्या बाईला वॉशरूमला जायला सुपरवायझरला विचारावं लागतं, मग ती पाणीच कमी पिते, बाटली लॉकरमध्ये तशीच. किंवा नाईटवाला, तो सकाळी घरी जाऊन झोपणार का तुझ्या ११ च्या योगाला थांबणार? हे ॲपने सुटत नाही, रोस्टर बदलावं लागतं, माणसं वाढवावी लागतात, आणि तिथे भांडण आहे.

भांडायला आकडा हवा असेल तर घे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलंय की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्के जास्त असतो. ओव्हरटाइमचा रिपोर्ट या आकड्याशेजारी ठेव, मीटिंगमध्ये जरा शांतता होते.

मॅनेजर लोकांना सोडून काही होणार नाही हे पण लिहून ठेव. रात्री दहाला 'अर्जंट' मेसेज टाकणारा माणूस स्ट्रेसच्या वर्कशॉपला पहिल्या रांगेत बसलेला असतो (आणि फोटोतही तोच पुढे). त्यांच्या ट्रेनिंगवर आधी पैसे घाल, बाटल्या नंतर.

तीन महिन्यांत रिझल्ट दाखव म्हणतील, तर सरळ सांग, तीन महिन्यांत फार तर हजेरी दिसेल. त्याऐवजी ओव्हरटाइम किती घटला, मागितलेल्या रजा खरंच मिळाल्या का, हे मोज.

आणि चेकअपचं काँट्रॅक्ट सही करण्याआधी मला पाठव. नाव लावलेला रिपोर्ट एचआरकडे जाणार असेल तर ते कलम काढायला लाव, कारण शुगर वाढली म्हणून प्रमोशन अडकलं अशी नुसती कुजबुज जरी झाली ना, पुढच्या वर्षी कोणी हात पुढे करणार नाही.