बोटॉक्स चालू असताना राज्य बदलायचंय, मायग्रेनच्या उपचारात खंड पडू नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्स चालू आहे, अडीच महिन्यांनी टेक्सासला जायचंय, नोकरीबरोबर इन्शुरन्सही बदलणार. औषधापेक्षा तुमची गाडी कागदांवर अडण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी कॅलेंडर. बोटॉक्सच्या दोन डोसांमध्ये १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस जावे लागतात आणि त्याआधी दिलेल्या डोसचे पैसे इन्शुरन्स सहसा देत नाही. मुव्हर्सची तारीख ठरवण्याआधी बघा, निघायच्या आठवड्यात एक डोस बसतो का. बसला तर तिथे गेल्यावर १२ आठवडे हाताशी राहतात. हे भरपूर वाटतात, पण नाहीत. नव्या न्यूरॉलॉजिस्टची पहिली अपॉइंटमेंट मिळायलाच दोन-तीन महिने सहज जाऊ शकतात, इन्शुरन्सच्या मंजुरीत आणखी काही आठवडे जातात आणि बऱ्याच जणांना शेवटच्या दोनेक आठवड्यांत डोसचा असर उतरलेला जाणवतो. म्हणून नवं घर ठरण्याची वाट न पाहता याच आठवड्यात फोन करा. हेडेक मेडिसिनचं, म्हणजे डोकेदुखीच्या उपचारातलं, यूसीएनएस या संस्थेचं सर्टिफिकेशन असलेले डॉक्टर मिळाले तर उत्तम. त्याच क्लिनिकमधल्या नर्स प्रॅक्टिशनरची तारीख लवकरची असेल तर ती बिनधास्त घ्या.

फोनवर एक प्रश्न नक्की विचारा: बोटॉक्स क्लिनिक स्वतः विकत घेऊन बिल लावतं, की स्पेशल्टी फार्मसीकडून (अशी महागडी, खास औषधं पुरवणारी फार्मसी) मागवतं? फार्मसीकडून येणार असेल तर फार्मसीवाले बहुधा फोनवर तुमची संमती घेतल्याशिवाय पार्सल पाठवत नाहीत. अनोळखी नंबर म्हणून तो फोन उचलला नाही, की ठरलेल्या दिवशी डॉक्टर हजर, तुम्ही हजर आणि औषध गैरहजर.

आता मुख्य अडचण. जुन्या इन्शुरन्सची प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे उपचाराआधी घेतलेली मंजुरी, नव्या कंपनीला सहसा चालत नाही. त्यांच्या लेखी तुम्ही नवीन रुग्ण. क्रॉनिक मायग्रेनची व्याख्या आहे महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनचे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ. पण बोटॉक्समुळे तुमचे दिवस आज सहा-सातवर आले असतील. नवे डॉक्टर पहिल्या भेटीत विचारणार, ‘महिन्याला किती दिवस दुखतं?’ तुम्ही प्रामाणिकपणे सात म्हणणार, तेच नोटमध्ये जाणार आणि कंपनी नकार देणार, कारण सात दिवस म्हणजे क्रॉनिक मायग्रेन नव्हेच! उपचार लागू पडल्याची ही शिक्षाच म्हणायची. यावर इलाज एकच: उपचार सुरू होण्याआधीचा आकडा आणि आजचा आकडा, दोन्ही एकाच वाक्यात सांगा आणि जुन्या नोटमध्ये दाखवा.

त्यासाठी आत्ताच्या न्यूरॉलॉजिस्टकडून निघण्यापूर्वी एक पानाचं पत्र घ्या. त्यात हे हवं: आजाराचं निदान, आयसीडी कोडसकट (आजारांना दिलेले ठरावीक कोड; क्रॉनिक मायग्रेनचे कोड जी४३.७ ने सुरू होतात), उपचाराआधीचे आणि आत्ताचे महिन्याचे दिवस, बोटॉक्सच्या सगळ्या तारखा, युनिट्स (ठरलेला डोस १५५ युनिट्स, ३१ जागी). आणि आधी घेतलेलं प्रत्येक प्रतिबंधक औषध: नाव, कमाल डोस, कधी सुरू, कधी बंद, का बंद. ‘टोपिरामेट चाललं नाही’ एवढं पुरत नाही. ‘१०० मिलिग्रॅम, तीन महिने, शब्द आठवेनात म्हणून बंद’ असं हवं. बऱ्याच कंपन्या किमान दोन औषधं पुरेसा काळ घेतल्याचा पुरावा मागतात. पूर्ण नोंदीही मागवून ठेवा. हिपा या वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्यानुसार नोंदी द्यायला क्लिनिकला ३० दिवसांची मुदत असते, एकदा वाढवूनही मिळते, तेव्हा आजच अर्ज करा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडीही घ्या.

नव्या कंपनीला पहिल्याच आठवड्यात फोन करून ‘ट्रान्झिशन ऑफ केअर’, म्हणजे चालू उपचार काही काळ तसाच सुरू ठेवण्याची सवलत, मागा. मिळेलच असं नाही, पण न मागता तर नक्कीच मिळणार नाही. मधे काही दिवस इन्शुरन्स नसेल तर कोब्रा (जुन्या नोकरीचा इन्शुरन्स स्वतः हप्ता भरून चालू ठेवण्याची सोय) निवडायला ६० दिवस मिळतात आणि कव्हर मागच्या तारखेपासून लागू होतं. म्हणजे गरज पडली तरच हप्ता भरण्याची सोय आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी मेडिकेडवर (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) असेल तर ते राज्याबरोबर येत नाही, नव्या राज्यात नव्याने अर्ज करावा लागतो.

जुने डॉक्टर व्हिडिओवर सांभाळून घेतील, या भरवशावर राहू नका. भेटीच्या वेळी तुम्ही ज्या राज्यात असाल तिथला परवाना त्यांच्याकडे लागतो. निघण्यापूर्वी रोजच्या गोळ्या आणि ट्रिप्टान (मायग्रेन उठल्यावर घ्यायचं औषध) यांचं, इन्शुरन्स मंजूर करत असेल तर, ९० दिवसांचं प्रिस्क्रिप्शन भरून घ्या. साखळी फार्मसी असेल तर उरलेले रिफिल नव्या गावच्या शाखेत मिळू शकतात. नियंत्रित औषधांना मात्र वेगळे नियम आहेत, मायग्रेन उठल्यावर घ्यायचं लॅस्मिडिटनही त्यांतलंच.

गोळ्या संपल्या म्हणून टोपिरामेट किंवा प्रोप्रॅनोलॉल ही रोजची प्रतिबंधक औषधं एकदम सोडू नका. पहिलं सोडल्याने फिटचे झटके येऊ शकतात, दुसरं सोडल्याने हृदयाची गती आणि रक्तदाब उसळू शकतो. उलट बाजूचा धोकाही तेवढाच: सामान हलवताना झोप मोडते, जेवण चुकतं, आणि हात आपोआप ट्रिप्टानकडे जातो. महिन्याला १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान आणि हे तीन महिने चाललं, तर औषधामुळेच डोकं दुखायला लागतं. साध्या वेदनाशामकांची मर्यादा १५ दिवस. या काळात डायरीत गोळ्यांचे दिवसही लिहा, नव्या डॉक्टरांना तीच लागेल.

बोटॉक्सबरोबर एमगॅलिटी किंवा अजोव्हीसारखं मायग्रेन टाळणारं इंजेक्शनही घेत असाल तर ते मुव्हर्सच्या ट्रकमध्ये अजिबात ठेवू नका. ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवं, आणि बर्फाला थेट टेकून गोठलं तर फेकून द्यावं लागतं. फ्रिजबाहेर साधारण सात दिवस चालतं, पण कमाल तापमानाची मर्यादा औषधागणिक वेगळी आहे, ती आतल्या पत्रकात बघा. उन्हात उभी गाडी ती मर्यादा तासाभरात ओलांडते. फ्रिजमधून काढलं त्या क्षणी खोक्यावर पेनने तारीख लिहा.