पन्नाशीनंतर लेखकाने नवे काय शिकावे?

दोन कथासंग्रह प्रसिद्ध झाल्यावर आणि पन्नाशी ओलांडल्यावर लेखकाने आणखी काही शिकण्याची गरज उरते का, की नेमाने लिहीत राहणे पुरेसे आहे, असे आपण विचारले आहे. निजामकाळातील बीड जिल्ह्यातल्या एका गावावर कादंबरी लिहिण्याचा विचार असल्याचेही आपण कळवले आहे. अंबाजोगाईत राहून याच काळावर थोडेफार लिहिणारा म्हणून मला वाटते की, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या वाक्यातच आहे. लेखकाने काय शिकायचे हे हाती घेतलेल्या विषयाने ठरवावे. विषय बाजूला ठेवून केवळ शैली सुधारावी म्हणून केलेल्या शिबिरांतून प्रमाणपत्रापलीकडे फारसे काही पदरी पडत नाही, निदान दोन पुस्तके झालेल्या माणसाच्या तरी नाही.

वयाची काळजी करू नये. पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचे काम शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली पूर्ण केले. त्यांचे जन्मवर्ष सामान्यतः 1533 मानले जाते; त्या हिशेबाने तेव्हा तेही पन्नाशी ओलांडलेले होते. स्वतः ओव्या रचणे वेगळे आणि प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ ओळखून मूळ शब्द निश्चित करणे वेगळे; या दुसऱ्या कामाला निराळीच शिस्त लागते.

आपल्या कादंबरीसाठी सर्वांत आधी शिकावी ती उर्दू लिपी. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि 1948 पर्यंत मराठवाड्यातील महसूल व न्यायालयांचे दप्तर मुख्यतः तिच्यातच राहिले. आपल्या गावातील जमिनीचे तंटे, तक्रारी, सारामाफीचे अर्ज यांची लेखी खूण उरली असेल, तर ती बहुधा याच लिपीत असेल. ते कागद कोणाकडून तरी वाचून घेता येतात, हे खरे. परंतु वाचून देणारा माणूस आपल्याला रक्कम, तारीख आणि पक्षकारांची नावे सांगतो. अर्जदाराने कोणत्या शब्दांत विनवणी केली, कोणाच्या नावापुढे जात लिहिली आणि कोणाच्या नावापुढे धंदा, कारकुनाने कोणती ओळ खोडून पुन्हा लिहिली, हे सांगण्याजोगे आहे असे त्याला वाटत नाही. कादंबरीकाराला नेमके तेच हवे असते.

अक्षरओळख झाल्यावरही वाचन सोपे जाते असे नाही. केज हे आपल्याच जिल्ह्यातील नाव घ्यावे. उर्दूत ते काफ, ये आणि जीम या तीन अक्षरांत लिहिले जाते. शब्दाच्या मध्ये येणाऱ्या ‘ये’चे रूप ई, ए आणि ऐ या तिन्ही स्वरांसाठी एकच असल्यामुळे कीज, केज आणि कैज हे तिन्ही उच्चार त्यातून निघू शकतात. घाईने लिहिणाऱ्याने नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळले, तर जीम आणि चे यांतील फरकही नाहीसा होतो. गावाचे नाव आधी ठाऊक असणाऱ्यालाच ते बिनचूक वाचता येते. म्हणून स्थानिक लेखकाने ही लिपी शिकणे हे बाहेरच्या जाणकारावर विसंबण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते, असे मी आग्रहाने म्हणतो.

याच ओघात कालगणना आणि चलन यांचाही अभ्यास करावा लागेल. त्या कागदांवर बहुधा फसली सन, म्हणजे महसुली कामकाजाची कालगणना, असतो. दख्खनच्या फसली सनात 590 मिळवले की इसवी सन निघतो आणि संस्थानात हे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असे. त्यामुळे फसली 1340 म्हणजे 1930-31. तोच आकडा हिजरी समजून वाचला, तर आपण 1921-22 मध्ये जाऊन पोहोचतो आणि कथेतील मुलगी लग्नाच्या वयाची होण्याऐवजी अजून पाळण्यातच राहते. रुपयाही दोन प्रकारचा होता: संस्थानचा हाली आणि इंग्रजी मुलखातला कलदार. साधारणतः सात हाली रुपये सहा कलदारांच्या बरोबरीचे धरले जात. सावकाराने कोणता रुपया दिला आणि कोणता परत मागितला, एवढ्या एका तपशिलावर कादंबरीतला आख्खा प्रसंग उभा राहू शकतो.

दुसरे कौशल्य कानाचे आहे. मराठवाडी बोली एक आहे असे गृहीत धरून आपल्याकडे संवाद लिहिले जातात आणि सगळी पात्रे ‘लई’ म्हणू लागतात. लातूर-उदगीरकडचा ‘काय करतो आहेस’ऐवजी ‘काय करलालास’ म्हणेल. बीडकडच्या माणसाच्या तोंडी तो प्रयोग शोभणार नाही, आणि ‘का’ विचारायचे असेल तर तो ‘कामून’ म्हणेल. यासाठी वृद्धांचे बोलणे त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करावे आणि त्यातला अगदी थोडा भाग, एकही शब्द प्रमाण न करता, स्वतःच्या हाताने उतरवून काढावा. फोनवरील बोलून लिहिण्याच्या सोयीचा येथे उपयोग नाही, कारण ती बोलीतल्या रूपाच्या जागी तिला ठाऊक असलेला भलताच शब्द बसवते.

मुद्रितशोधन आणि युनिकोड टंकलेखन येत नसेल तर तेही शिकून घ्यावे. त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही.

सुरुवात बालभारतीच्या उर्दू माध्यमाच्या पहिलीच्या पुस्तकापासून करावी. छापील मजकूर सरावाने लवकर वाचता येऊ लागतो. हस्तलिखितासाठी मात्र जाणता माणूस गाठावाच लागतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध गावोगाव घेतला गेला; त्यामुळे आपल्या तालुक्यात असे कोण आहेत, याची माहिती तहसील कार्यालयाच्या परिसरात चौकशी केल्यास मिळू शकेल. त्यांच्याकडे जाताना आपल्या गावाच्या एखाद्या जुन्या कागदाची मोठ्या आकारातील छायाप्रत सोबत न्यावी आणि अर्थ न विचारता प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवण्याची विनंती करावी.