साक्षर, नवसाक्षर आणि कार्यात्मक साक्षर

बडोद्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: परदेशी मदतीवर चाललेल्या साक्षरता कार्यक्रमांच्या अहवालाचा मराठी अनुवाद करताना 'functional literacy'ला 'कार्यात्मक साक्षरता' लिहावं की 'व्यावहारिक साक्षरता'? शिवाय गुजरातीत मोठ्या साहित्यिकांना 'साक्षर' म्हणतात, मग मराठीत हा शब्द चालेल का?

दुसरी शंका आधी घेऊ. गुजरातीत साक्षर म्हणजे विद्वान साहित्यिक. नडियादला साक्षरनगरी म्हणतात ते याच अर्थाने. संस्कृतातही 'साक्षरा' उलटा वाचला की 'राक्षसा' होतो, या सुभाषितात रोख विद्वानांवरच आहे. आजच्या मराठीत मात्र साक्षर म्हणजे लिहिता-वाचता येणारा, एवढंच. तेव्हा खुशाल वापरा. जपायचं ते 'शिक्षा' या शब्दाला. हिंदी कागदातला 'प्रौढ शिक्षा' तसाच उचलला तर मराठी वाचकाला सजा दिसते. 'प्रौढ शिक्षण' लिहा. त्यातही 'प्रौढ' म्हणजे १५ वर्षांपुढचे सगळे, हे एकदा सांगून टाका, कारण सोळा वर्षांच्या मुलीला मराठीत कोणी प्रौढ म्हणत नाही. २०२२पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात केंद्र सरकारने याच अडचणीमुळे 'सर्वांसाठी शिक्षण' हा शब्दप्रयोग घेतला.

आता मुख्य प्रश्न. कार्यात्मक साक्षरतेची कल्पना पुढे आली १९६५मध्ये, निरक्षरता हटवण्यासाठी तेहरानला भरलेल्या शिक्षणमंत्र्यांच्या जागतिक परिषदेत. नुसती अक्षरओळख नको, माणसाच्या कामधंद्याशी जोडलेलं लिहिणं-वाचणं हवं, असा विचार तिथे मांडला गेला. त्यातून युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने टांझानिया, माली, इराण, इथिओपिया, भारत अशा ११ देशांत प्रायोगिक प्रकल्प चालवले. टांझानियात कापूस पिकवणाऱ्याची वाचनपुस्तिका कापसावर, केळी लावणाऱ्याची केळ्यांवर, अशी रचना होती. या अर्थाला 'व्यावहारिक' कमी पडतो. मराठीत त्याला तडजोडीचा वास आहे, 'व्यावहारिक माणूस' म्हटल्यावर काय मनात येतं ते आठवून पाहा. 'कामचलाऊ' तर नकोच. सरकारी मराठीत 'कार्यात्मक' रुळला आहे, तोच ठेवा. अहवालाबाहेरच्या सोप्या मजकुरात 'व्यवहारोपयोगी साक्षरता' छान वाटतं.

शब्द ठरला तरी खरी चूक पुढेच होते. अहवालात 'साक्षर केले' असा आकडा येतो, तो नेमका कोणाचा? या ११ देशांच्या कामाचं मूल्यमापन १९७६मध्ये निघालं. सुमारे दहा लाख माणसांपर्यंत वर्ग पोचले होते, पण नव्याने साक्षर ठरले ते सव्वा लाखाच्या आतबाहेर. दोन्हींना 'साक्षर' लिहिलं तर मराठी वाचकाची शुद्ध फसवणूक होते. टांझानियाच्या १९७५च्या राष्ट्रीय चाचणीत चार पातळ्या होत्या: वर्गात नाव घालून दोन-तृतीयांश तासांना हजर राहिलं तरी पहिलीत गणना व्हायची, तिसरी गाठली की साक्षर, चौथी गाठली की कार्यात्मक साक्षर. म्हणून 'नोंदवलेले', 'हजर राहिलेले', 'चाचणीला बसलेले' आणि 'उत्तीर्ण' हे चार शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवा, आणि मूळ इंग्रजी संदिग्ध असेल तर तळटीप द्या.

आपल्याकडेही मापं वेगळी आहेत. जनगणनेत सात वर्षांपुढच्या कोणालाही कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येत असेल तर तो साक्षर. तिथे परीक्षा नाही, घरच्यांनी सांगितलेलं धरतात. १९८८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनचं माप मात्र कडक होतं: मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचणं, ७ शब्द पाहून लिहिणं, ५ शब्द ऐकून लिहिणं, शिवाय १०० पर्यंत आकडे आणि साधे हिशेब. त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करणारं वाक्य दिसलं, तर अनुवादात ते निमूटपणे पुढे ढकलू नका.

'मोहीम' आणि 'कार्यक्रम' यांतही गल्लत होते. मोहिमेला मुदत असते आणि सगळा मुलूख कामाला लागतो: क्युबा १९६१, निकाराग्वा १९८०, आपल्याकडे साताऱ्यात १९५९ला सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम. तेहराननंतरचे प्रकल्प निवडक भागांत, निवडक धंद्यांसाठी होते. त्यांना मोहीम म्हणू नये. पैशाबाबत एवढंच की परतफेडीचं असेल तर 'कर्ज' लिहा, 'मदत' नव्हे.

राहिला 'नवसाक्षर'. हा वाचायला शिकलेल्या, पण अजून वाचनाचा सराव न बसलेल्या माणसासाठी आहे. वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरतं. बडोद्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. सयाजीरावांनी १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१०पासून गावोगाव ग्रंथालयं व फिरत्या पुस्तकपेट्या नेल्या, त्या शिकलेलं टिकावं म्हणूनच. तेव्हा अहवालात 'साक्षरतेनंतरचा टप्पा' आला, तर त्याला 'पुढील शिक्षण' म्हणून मोकळं होऊ नका. त्यात वाचनालय, भित्तिपत्रक, मोठ्या टाइपातली पुस्तकं असं काय काय आहे ते पाहून 'साक्षरोत्तर वाचन' किंवा 'निरंतर शिक्षण' यांतला बसेल तो शब्द घ्या.