उंबरठ्यापलीकडचे संशोधन

प्रश्न : माझी मुलगी व्यवसायोपचाराच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे अर्धांगवायूच्या रुग्णांसंबंधी संशोधन करायचे, असे ती म्हणते. हातपाय हलते करण्याचे काम फिजिओथेरपीचे. मग हिने संशोधन करायचे ते कशावर?
— एक पालक, सातारा

उत्तर : निम्मा घोळ 'व्यवसायोपचार' या शब्दानेच केला आहे. येथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. अंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट, देवदर्शन असे ज्यांत माणसाचा दिवस जातो ते सारे उद्योग. हात खांद्यापर्यंत उचलला गेला, तरी त्या हाताने एसटीचा दांडा धरून वर चढता येईलच असे नाही, आणि तुमच्या मुलीचा विषय तेथे सुरू होतो.

नॉटिंगहॅम विद्यापीठातील ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञ, पिप लोगन यांनी सहकाऱ्यांसह २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी पाहा. अर्धांगवायूनंतर घरी राहणाऱ्या १६८ जणांपैकी काहींना थेरपिस्टची एक भेट व माहितीपत्रके मिळाली. इतरांकडे मात्र थेरपिस्ट जास्तीत जास्त सात वेळा घरी जाऊन बाहेर पडण्याचा सराव करून घेत असे. चार महिन्यांनी दोन्ही गटांना विचारलेला प्रश्न अगदी घरगुती होता : हवे तितके बाहेर पडता येते का? 'हो' म्हणणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटापेक्षा दुसऱ्यात सुमारे पावणेदोन पट निघाले. पुढे ५६८ जणांवर केलेली मोठी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बाहेरच्या फेऱ्या वाढल्या, पण ज्या जीवनमानावर सारी भिस्त होती त्यात फरक दिसला नाही. दहा वर्षांनी असे उत्तर हाती आले, तर तेही जसेच्या तसे छापावे लागते. मुलीची याला तयारी आहे का, हे आधी विचारा.

भारतातही १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम व शुश्रूषा शिकवून पाहण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण त्याने घटले नाही. म्हणून हा विषय संपला, असे मी मानत नाही. आपल्याकडे सून चहाचा कपही सासऱ्यांच्या ओठांशी धरते आणि मुलगा 'बाबा, तुम्ही बसा' म्हणतो. या मायेमुळे सराव किती बुडतो, हे मोजण्याजोगे आहे.

पदव्युत्तर प्रवेशाआधी तिने वर्ष-दोन वर्षे रुग्णालयात काम करावे, आणि घरी सोडलेल्या रुग्णांकडे तीन महिन्यांनी जाऊन यावे. संशोधनाचा प्रश्न बहुधा तेथेच सापडेल. संख्याशास्त्र मात्र आतापासून शिकावे.