अप्पांना अमेरिकेला आणावं का?

जिंतूर तालुक्यातून डॅलसला गेलेल्या एका वाचकाचं पत्र आहे. "अप्पा चोपन्न वर्षांचे. पंचवीस वर्षं प्यायले. चौदा महिन्यांपासून थेंब घेतलेला नाही. पण गावातली संगत वाईट, म्हणून सहा महिने इकडं आणावं म्हणतो. आई म्हणते, घेऊन जा. अप्पा काहीच बोलत नाहीत."

अप्पा बोलत नाहीत, त्यातच उत्तर आहे. सहा महिन्यांचं तिकीट काढू नका.

चौदा महिने ते कशाच्या जोरावर टिकलेत, ते बघा. तुम्हीच पुढं लिहिलंय, की ते संध्याकाळी मोटारसायकल काढून ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मिटिंगला परभणीला जातात. तिथं चार माणसं अशी आहेत, की अप्पा दोनदा दिसले नाहीत तर फोन करतात. हीसुद्धा संगतच. आता तुमच्या घरातला दिवस डोळ्यांपुढं आणा. सकाळी आठला तुम्ही दोघं कामावर, नातू शाळेत. गाडीशिवाय कुठं जाता येत नाही, बोलायला शेजारी नाही. आणि गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये शनिवारच्या पाहुण्यांसाठी ठेवलेली बिअर. गावात निदान गुत्त्यापर्यंत चालत तरी जावं लागतं.

यायचंच असेल तर सहा ते आठ आठवड्यांसाठी, आणि अप्पांच्या तोंडून होकार आल्यावर. त्याआधी घरातली दारू बाहेर काढा. लपवू नका, पंचवीस वर्षं पिणाऱ्याला लपवायच्या सगळ्या जागा पाठ असतात. विमानात दारू फुकट मिळते, म्हणून येताना सोबत कुणीतरी हवं. ए.ए. 1935 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये सुरू झाली, तेव्हा तुमच्या शहरात मिटिंग शोधणं अवघड नाही. पण ती इंग्रजीत असेल. म्हणून परभणीच्या माणसांशी फोन तुटू देऊ नका. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे तुमच्याकडं हिवाळ्यात सकाळचे साडेसहा, उन्हाळ्यात साडेसात. कामावर निघायच्या आधी फोन लावून द्या आणि खोलीतून बाहेर या.

पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण एक वाक्य मला खटकलं. व्हिडिओ कॉलवर तुम्ही "अप्पा, जरा जवळ या, दिसत नाही" म्हणता आणि डोळे बघता. त्यांना ते कळत नसेल असं वाटतं का? मी स्वतः सत्तेचाळिसाव्या वर्षी सोडली. पहिलं वर्षभर मी घरी आलो की बायको पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि जरा जास्तच जवळ यायची. प्यायलेलो नसतानाही मी श्वास रोखून तांब्या घ्यायचो. तिचं चुकत होतं असं म्हणत नाही, तिनं बरंच सोसलं होतं. पण माझी झोप लागायला लागली, चिडचिड उतरली, तरी तो तांब्या काही सुटेना. तुमच्या आईंचे कानही अजून रात्री फाटकाच्या कडीकडं असतील. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन 1951 पासून आहे. आईंना तिथं जायला सांगा, आणि तुम्हीही जा.

पैशाचं. सोयाबीन मोंढ्यावर गेली, की खिशात रोकड आणि भोवती जुने सोबती, हा दिवस खरा अवघड. आईंच्या हातात सगळा व्यवहार देऊन अप्पांना घरात पाहुणा करू नका. पट्टीचे पैसे अडत्यानं खात्यावर टाकावेत आणि त्या दिवशी ग्रुपमधलं कुणीतरी सोबत असावं, एवढं अप्पांनी स्वतः ठरवलं तर बास. पोळ्याच्या संध्याकाळचंही तसंच.

दोन गोष्टी मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. चहात गुपचूप पावडर घालून दारू सोडवायच्या जाहिराती येतात, त्यांच्या नादी लागू नका. दारूची चीड आणणाऱ्या गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरांनी आणि घेणाऱ्याच्या संमतीनंच द्यायच्या असतात. न सांगता दिल्या आणि वर दारू पोटात गेली, तर जीवावर बेतू शकतं. आणि कधी पाय घसरून पुन्हा रोजचं पिणं सुरू झालंच, तर खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस जाऊही शकतो. नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगर इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहेत, सरळ तिथं न्या. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पण तिकडून लावत बसू नका, गावातल्या चुलतभावाला लावायला सांगा.

राहिलं तिकीट. ए.ए.मध्ये दारू सोडल्याच्या तारखेला वाढदिवस करतात. पुढच्या फोनवर डोळे बघायचे सोडून विचारा, "अप्पा, तुमच्या दोन वर्षांच्या वाढदिवसाला मिटिंग खुली असती का, घरच्यांना येता येतं का?" हो म्हणाले तर रजा टाका, आणि त्या तारखेचं तिकीट तुमचं काढा.