नाशिकमध्ये एसी बंद करून काचा उघड्या ठेवल्या तर पेट्रोल खरंच वाचतं का?

शहरात वाचतं, मुंबई-आग्रा महामार्गावर वेगात जाताना फारसं नाही. पेट्रोल-डिझेल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. द्वारका चौकात अडकलात की गाडी जागची हलत नाही, पण कॉम्प्रेसर इंधन खातच राहतो, म्हणून ॲव्हरेजला खरा फटका गर्दीत बसतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागानुसार कडक उन्हात, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, एसीमुळे ॲव्हरेज २५ टक्क्यांहून जास्त घटू शकतं. महामार्गावर मात्र वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध साधारण चौपट होतो आणि उघड्या काचा त्यात भर घालतात. तिथे काचा लावून एसी चालवा. उन्हात तापलेली गाडी आधी मिनिटभर काचा उघड्या ठेवून चालवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी आणि आतली हवा फिरवणारं बटण लावा. एवढ्यानेही कॉम्प्रेसरवरचा ताण बराच कमी होतो. नेमका फरक गाडी आणि ऊन यांवर ठरतो. गाडीत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मे महिन्यात पेट्रोलचा हिशोब करत बसू नका, एसी लावा.